ऊब धरेपर्यंत

बटण फिरवलं तशी आत कुठेतरी टकटक झाली, निळी ज्योत लागली, थोडा वेळ जळली आणि विझली. मग तांबडा दिवा लागला आणि बॉयलर गप्प झाला. दोम्निका स्वयंपाकघरात स्टुलावर उभी होती, तोल जाऊ नये म्हणून एक हात भिंतीला टेकवून. आणि तिला बरं वाटलं. शाळेत परीक्षेच्या सकाळी बाई आजारी असल्याचं कळावं तसं, अगदी स्वच्छ, हलकं बरं वाटलं. ती तशीच स्टुलावर उभी राहिली. खिडकीच्या फटीतून कुणाच्या तरी बाल्कनीत भाजल्या जाणाऱ्या ढोबळ्या मिरच्यांचा वास येत होता, खाली चौकात ट्राम वळताना कुरकुरत होती, आणि तिच्या मनात आलं की आता घाई नाही. आता काहीच घाई नाही. मग ते ‘काहीच’ म्हणजे काय हे तिच्या लक्षात आलं आणि ती सावकाश स्टुलावरून उतरली, जणू घरात कुणी झोपलं होतं आणि त्याला कळू द्यायचं नव्हतं.

गुरुवारी तिचा नवरा नेकुलाय यायचा होता. डोंगरातल्या त्या फुप्फुसांच्या हॉस्पिटलातून त्याला सोडणार होते. डॉक्टरीणबाईंनी फोनवर तिला दोनदा बजावलं होतं की घर ओलसर आणि थंड असेल तर पाठवणार नाही, तशा घरात हा माणूस ख्रिसमसपर्यंत परत आमच्याकडे येईल आणि या वेळी बरा होऊन जाणार नाही. दोम्निका हो म्हणाली होती. घर गरम असेल म्हणाली होती. किल्ली वर्षानुवर्षं खालच्या एफ्रोसिनाकाकूंकडे होती, त्या उन्हाळ्यात येऊन खिडक्या उघडत, पण हिवाळ्यात या घरात कुणी काडी ओढली नव्हती. नेकुलाय आजारी पडला तेव्हा त्याची बहीण त्याला गावी घेऊन गेली, तिथून हॉस्पिटल, मग पुन्हा गाव, पुन्हा हॉस्पिटल. आणि दोम्निका इटलीत, त्रेविझोत, आजारी म्हाताऱ्या इनेसबाईंच्या उशाशी, पगारी सेवेत. इनेसबाई ऑगस्टमध्ये गेल्या. त्यांच्या मुलांनी तिला एक चांगली शाल दिली, स्टेशनवर सोडलं, गालांचे मुके घेतले. आणि ती आपल्या शहरात, याशला परत आली, तातारश वस्तीतल्या आपल्या चौथ्या मजल्यावर, जिथे कपाटात तिचेच कपडे होते आणि ते तिला होत नव्हते.

बॉयलर बंद पडला की नेकुलाय येणार नाही. इतकं सरळ होतं ते. नवा बसवायचा तर गॅसवाल्यांची परवानगी, माणसं, तपासणी. नोव्हेंबर तसाच जाईल. आणि नोव्हेंबर गेला की कुणीच हिवाळ्यात पेशंट हलवत नाही. वसंत येईपर्यंत तो तिकडे, ती इकडे, रोज संध्याकाळी फोन. जसं इतकी वर्षं चाललं तसं. तिने पाण्याचा ग्लास भरला आणि प्यायलाच नाही. आपण वाईट बाई आहोत का, असा प्रश्न तिने स्वतःला विचारला नाही. इटलीतल्या बागेत बाकांवर बसणाऱ्या, तिच्यासारख्याच कामाला आलेल्या सगळ्या जणींकडून ऐकून ऐकून तो प्रश्न तिच्यासाठी बोथट झाला होता. तिला फक्त भीती वाटली, पायरी आहे समजून पाय टाकावा आणि पायरी नसावी तशी.

ती खोल्यांमधून फिरली. प्रत्येक खिडकीखाली रेडिएटर, पांढरा, कडेने पिवळसर पडलेला; हात लावला की लोखंडाची ती वेगळी थंडी हाताला चिकटायची. ती थंडी ओळखीची होती. लग्न होऊन ते या ब्लॉकमध्ये आले तेव्हा अख्ख्या शहराला एकाच ठिकाणाहून, गरम पाण्याच्या पाइपांतून ऊब यायची, म्हणजे यायची असं म्हणायचं. त्या हिवाळ्यांत रेडिएटर कोमट झाला तरी बायका जिन्यात एकमेकींना सांगायच्या. गॅसची ज्योत मेणबत्तीएवढी. ती दोघं टोप्या घालून झोपायची, दोन गोधड्या, वर त्याचा लष्करातला ओव्हरकोट, आणि नेकुलाय आपलं बर्फासारखं नाक तिच्या मानेत खुपसायचा. ती किंचाळायची. वरच्या मजल्यावरचे लोक पाइपावर चमचा आपटायचे, मग खालचे, मग अख्खा ब्लॉक वाजायचा. नेकुलाय म्हणायचा, बघ, आपलं लग्न अजून साजरं करतायत. तिला ते नाक आठवलं. चेहरा तितकासा आठवला नाही. फोनमधला आताचा चेहरा मध्ये आला, गालांत खोल गेलेला, फोन फार खाली धरल्यामुळे नाकपुड्याच जास्त दिसणारा.

मग काळ बदलला, ती कामाला होती ती कापडगिरणी बंद झाली, शहराची ऊबही बंद झाली, आणि ज्याने त्याने आपापला बॉयलर भिंतीवर टांगला. त्यांनीही टांगला. नेकुलाय तेव्हा ओतकाम सोडून घराघरात फरशा बसवायचा. सगळ्या पाइपांसाठी भिंती त्याने स्वतः फोडल्या, घरभर पांढरी धूळ, आणि तो तोंडाला काही न बांधता खोकत, गात. पहिल्यांदा बॉयलर लागला त्या दिवशी ती दोघं उघड्या पायांनी खोल्याखोल्यांतून फिरली होती. तिला वाटलं होतं, आता आपलं घर झालं. पुढच्याच वर्षी ती इटलीला गेली. एक वर्षासाठी. सगळ्याच एक वर्षासाठी जात.

फोन. पहिली दोन वर्षं ते फोनवर भांडायचे, रडायचे, पैसे संपून फोन मध्येच तुटायचा आणि उरलेलं भांडण मनात चालायचं. पुढे फोन स्वस्त झाले आणि भांडणं संपली. कधी संपली ते तिला सांगता आलं नसतं. जेवलास का. जेवलो. तू? जेवले. थंडी आहे का तिकडे. आहे. जप. तूही जप. दोघंही इतकं नीट बोलायचे की इनेसबाई ऐकून एकदा म्हणाल्या होत्या, तुझा नवरा फार सभ्य माणूस दिसतोय. दोम्निका हो म्हणाली होती आणि बाईंची उशी फिरवली होती, थंड बाजू वर. तिचे हात असलं सगळं न सांगता करायचे. अंग पुसणं, कूस बदलणं, घास भरवताना चमचा ओठाला अगदी थोडा टेकवून थांबणं, चिडलेल्या माणसाशी सावकाश, गोड आवाजात बोलणं. तो गोड आवाज तिचा नव्हता. तो त्रेविझोत तयार झाला होता आणि त्याचे तिला महिन्याला पैसे मिळत. आता नेकुलाय येईल. त्याचीही कूस बदलावी लागेल, गोळ्या द्याव्या लागतील. आणि तो समोर आला की तिच्या तोंडून तोच आवाज निघेल, याची तिला खात्री होती. तो ऐकेल. ओळखेल. आणि सभ्य माणूस आहे, तर काही म्हणणारही नाही.

दुपारी ती खाली एफ्रोसिनाकाकूंकडे गेली, बॉयलरवाला माहीत आहे का विचारायला. काकूंच्या स्वयंपाकघरात मिरच्या-वांग्यांचं मोठं पातेलं रटरटत होतं आणि काकू लाकडी पळीने ते ढवळत होत्या. तितुस आहे, म्हणाल्या, बडबड्या आहे, निम्मं शहर त्याच्या नावाने शिव्या घालतं, पण ऑक्टोबरात दुसरं कोण मिळतंय. मग पळी न थांबवता त्यांनी तिच्याकडे निरखून पाहिलं.

“नवरा येतोय ना गं तुझा? मग तोंड असं काय? जप्तीवाले यायचे असल्यासारखं.”

दोम्निका म्हणाली, झोप नाही झाली.

“झोप म्हणे. माझा मिहाय तुरुंगातून आला होता ना, तेव्हा आधीचे आठ दिवस मी न्हाणीघरात जाऊन रडायचे. लोकांना वाटायचं आनंदाने.” त्यांनी पळीवरचं बोटाने चाटलं आणि मीठ घातलं. “तो आला, आणि दुसऱ्या दिवशी बोर्शात मीठ कमी म्हणून वाडगा सरकवला. तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला. घे, पावाला लावून बघ, आंबट झालंय का.”

आंबट झालं नव्हतं. दोम्निका दोन घास खाऊन वर आली. काकूंच्या बोलण्यातलं काय आपल्याला लागलं ते तिला कळलं नाही. तिला एवढंच वाटलं की काकू आठ दिवस रडल्या तरी होत्या.

तितुस दुसऱ्या दिवशी सकाळी आला. जाडजूड, दम लागलेला, गळ्यात मफलर, हातात पेटी. आल्या आल्या त्याने सांगायला सुरुवात केली की याच आठवड्यात सगळ्या शहराला थंडी आठवते, उन्हाळ्यात कुणी फोन करत नाही, तुम्हीच सांगा ताई, छत्री पावसात दुरुस्त करतात का. त्याने बॉयलरचं पुढचं झाकण काढलं. आत तांब्याच्या नळ्या, धूळ, कोळ्याची जाळी. बाल्कनीत जाऊन त्याने धुराचा पाइप पाहिला आणि त्यातून गांधीलमाश्यांचं एक वाळकं पोळं काढून तिच्या हातात दिलं, जणू भेट. हलकं होतं, कागदासारखं. तिने ते कचऱ्यात टाकलं नाही, खिडकीच्या कट्ट्यावर ठेवलं. मग तो खोल्याखोल्यांतून रेडिएटरमधली हवा काढत फिरला आणि ती मागोमाग वाटी घेऊन. छोटी किल्ली फिरवली की आधी हिस्स आवाज, लांबलचक, कितीतरी दिवस कोंडलेला, गंजाच्या वासाचा श्वास. मग फुरफुर, मग काळं पाणी. त्या श्वासाचा तिला धसका बसला. नेकुलायने शेवटचा हिवाळा इथे एकट्याने काढला तेव्हाची हवा असेल ती. तो इथे खोकत होता, आणि ती त्रेविझोत दुसऱ्या कुणाच्या पाठीला तेल लावत होती, आणि हवा तेवढी या लोखंडात राहिली.

सगळं झाल्यावर तितुसने पुन्हा पाणी भरलं, दाबाचा काटा हिरव्या पट्टीत आला, त्याने बटण दाबलं. ज्योत लागली. या वेळी जरा जास्त वेळ जळली, बॉयलरमधून उकळत्या किटलीसारखा आवाज यायला लागला, आणि पुन्हा सगळं बंद. तांबडा दिवा. त्याने आणखी दोनदा केलं. खालच्या नळ्यांना हात लावला. एक कढत, बाकीच्या थंडगार. कपाळाला आठ्या घालून तो म्हणाला की हे गेलं, आतलं सगळं क्षाराने भरलं असणार, पाणी आतल्या आत तापतंय, पुढे जात नाही. इतकं जुनं मॉडेल आहे की सामान मिळणार नाही. नवाच घ्या. आपण कागदपत्रं करून देऊ, पण महिना तर लागेलच, महिन्याच्या वर धरून चाला. त्याने पेटीत एकेक हत्यार टाकायला सुरुवात केली.

आणि ते पुन्हा आलं. तेच हलकं बरं वाटणं, पोटापासून वर. या वेळी तिला ते येताना दिसलं आणि तिने त्याला येऊ दिलं. आता तिचा दोष नव्हता. माणूस बोलावला होता, त्याने पाहिलं होतं, त्याने सांगितलं होतं. संध्याकाळी ती फोन करील. म्हणेल, नेकुलाय, बॉयलर गेला रे. तो म्हणेल, असू दे, काय करणार. जेवलीस का. जेवले. जप. आणि हिवाळाभर ती या थंड घरात एकटी, दोन स्वेटर घालून, शाल घेऊन, कुणाचीही कूस न बदलता. आयुष्यात पहिल्यांदा कुणाचंच काही न करता. तिला ते घर दिसलं, आणि त्या घरात खिडकीशी बसलेली बाईही दिसली, आणि ती बाई बसूनच राहिली होती. वसंत आला तरी उठत नव्हती.

तितुसने पेटीची एक कडी लावली. तेवढ्यात दोम्निकाला त्रेविझोचं तळघर आठवलं. तिने आठवायचा प्रयत्न केला नव्हता. इनेसबाई उन्हाळाभर मुलीकडे डोंगरात जात, आणि दर ऑक्टोबरात परत आल्यावर त्यांचा बॉयलर असाच, किटलीसारखा आवाज करून बंद पडायचा. शेजारचा निवृत्त टपालवाला खाली यायचा, शिट्टी वाजवत, आणि पंपाच्या मधला पितळी स्क्रू काढून आतला दांडा फिरवायचा. बसून बसून पंप आखडतो, म्हणायचा, माणसासारखाच. ती दरवर्षी त्याला विजेरी धरायची. हे तिला माहीत होतं. कालपासून, स्टुलावर उभी असल्यापासून माहीत होतं की काय, हे मात्र तिला सांगता आलं नसतं. तितुसने दुसरी कडी लावली, मफलर सारखा केला. गप्प राहायला काहीच लागत नव्हतं. फक्त दार उघडायचं आणि थँक्यू म्हणायचं. ती दारापर्यंत गेलीही.

“पंप बघितलात?” ती म्हणाली.

तितुस थांबला. तिच्या स्वतःच्या कानाला तो आवाज विचित्र लागला, खरखरीत, चिडका, आईसारखा.

“मधला स्क्रू काढून दांडा फिरवून बघितलात का? पाणी पुढे जात नाही म्हणताय, तर आधी पंप नको का बघायला? सगळं काढायचं आणि नवं घ्या म्हणायचं.”

तो म्हणाला, बघणारच होतो. बघणार नव्हता हे दोघांनाही माहीत होतं, पण त्याने रागही धरला नाही. ताई, सकाळपासून हे पाचवं घर, म्हणत त्याने पेटी पुन्हा उघडली. स्क्रू गंजून घट्ट बसला होता. त्याने त्यावर तेल सोडलं, वाट पाहिली, जोर लावला, तोंडातल्या तोंडात एका संताचं नाव घेतलं आणि पाठोपाठ एक शिवी. स्क्रू सुटला आणि तपकिरी पाण्याची धार त्याच्या बाहीवर आली. दोम्निकाने फडकं खाली धरलं. पेचकस आत घालून तो दांडा फिरवू लागला. फिरेना. पुन्हा. तिचं सगळं अंग त्या पेचकसाच्या टोकाशी गेलं. तिला काय हवं होतं? हे विचारायला वेळ नव्हता. दात आवळून ती मनात म्हणत होती, फीर, फीर ना मेल्या, आणि हे आपण कुणाला म्हणतोय हे तिला माहीत नव्हतं. किरकिर झाली. दांडा थोडा हलला, मग अर्धा वेढा, मग सुटून गरकन फिरला, आणि तितुस असा हसला जणू ते सगळं त्यानेच जन्माला घातलं होतं.

या वेळी ज्योत विझली नाही. भिंतीतून घुर्र असा बारीक, सलग आवाज सुरू झाला. तितुसने धुराच्या पाइपाशी यंत्र धरून विषारी वायू आत येत नाही याची खात्री केली, तिच्याकडून एक पेला आलुबुखाराची दारू घेतली, दुसरा नको नको म्हणत घेतला आणि गेला. ती एकटी राहिली. ऊब लगेच येत नाही. आधी पाइप बोलायला लागतात. भिंतीत कुठेतरी टिक्, मग लांब झोपायच्या खोलीत टक्, लोखंड आळस देत असल्यासारखं. मग जळक्या धुळीचा वास, इस्त्रीसारखा. ती एकेका रेडिएटरला हात लावत फिरली. स्वयंपाकघरातला आधी. मग बैठकीतला, वरून गरम, खालून अजून गार. झोपायच्या खोलीतला सगळ्यात शेवटी; बराच वेळ तो मेल्यासारखा होता, ती पलंगाच्या कडेवर बसून त्यावर तळवा ठेवून राहिली, आणि कोमटपणा कधी आला ते कळलं नाही. कळलं तेव्हा तो आधीपासूनच होता. तिला आनंद झाला नाही. पण ते मघाचं हलकं बरं वाटणंही आता नव्हतं, आणि त्याची तिला आठवण येत नव्हती. ती दमली होती. चालून दमावं तशी, चांगली दमली होती.

संध्याकाळी तिने फोन केला. चालू झाला, म्हणाली.  पलीकडे कुणीतरी खोकत होतं, ताटं वाजत होती.

“झाला?” नेकुलाय म्हणाला. “बरं झालं.”

मग तो म्हणाला जेवलीस का, आणि ती म्हणाली जेवले.

गुरुवारी हॉस्पिटलच्या गाडीने त्याला दाराशी सोडलं. चार जिने चढायला त्याला खूप वेळ लागला. प्रत्येक वळणावर तो कठड्याला धरून उभा राही आणि भिंतीवरच्या रंगाकडे लक्षपूर्वक पाही, श्वास घ्यायला थांबलोय असं दिसू नये म्हणून. तिने हात पुढे केला नाही. मागे राहून त्याची बॅग धरली. दारात त्याने बूट काढले आणि ते नीट जोडून कडेला ठेवले, पाहुण्यासारखे. घर छान ठेवलंयस, म्हणाला. कुठे बसू, असं विचारलं. तिने लिंडनच्या फुलांचा चहा दिला, तर म्हणाला, आभारी आहे. त्याच्या मनगटाची हाडं बाहीतून बाहेर आली होती. डोळे मात्र तेच, जरा जास्तच मोठे. ती म्हणाली, उशी देऊ का पाठीला? आणि तिने ऐकलं: तो आवाज आला होता. सावकाश, गोड, त्रेविझोचा. नेकुलायने मान वर केली, तिच्याकडे पाहिलं, आणि मृदूपणे म्हणाला, नको, मी ठीक आहे, तू बस. ती बसली. ते दोघं समोरासमोर बसले, स्टेशनच्या वेटिंग रूममध्ये दोन चांगली माणसं बसावीत तसे. रेडिएटर गरम होते. बाहेर ट्राम गेली. तिला वाटलं, हे असंच असेल आता. मरेपर्यंत आपण एकमेकांशी चांगलं वागू.

ती बोर्शचं सार गरम करायला गेली. पातेल्याकडे पाहत उभी राहिली, आणि मग तिच्या लक्षात आलं की भिंतीतला घुर्र आवाज थांबला आहे. ती धावत बाहेर आली तर नेकुलाय ऊब कमी-जास्त करायच्या भिंतीवरच्या खटक्याशी उभा होता, एका हाताने भिंत धरून, आणि दुसऱ्या हाताने आकडा खाली आणत होता.

“काय करतोयस?”

“काही नाही. जरा कमी केलं.”

तिने पुढे जाऊन आकडा होता तिथे नेला. बॉयलर लागला. ती वळते न वळते तोच त्याने पुन्हा खाली आणला.

“अरे, डॉक्टरांनी सांगितलंय घर गरम ठेवायचं.”

“गरम म्हणाली ती. भाजून काढा नाही म्हणाली. इथे काय अंडी उबवायचीत? तिकडे आम्ही बर्फातही खिडकी उघडी टाकून झोपायचो. मला श्वास घेता येत नाहीये या भट्टीत.”

“मग आल्या आल्या सांगायचं ना. ‘घर छान ठेवलंयस’ कशाला म्हणालास तोंड वर करून?”

“मग काय म्हणायचं होतं? दारातच भांडायचं?”

“हो.”

 ती हाताची घडी घालून खटक्यासमोर उभी होती, आणि तिचा आवाज जिन्यात ऐकू गेला असणार. तिने किती दिवसांत असा आवाज काढला नव्हता. गिरणीत, यंत्रांवरून बोलायला लागायचा तो आवाज. मी दोन दिवस त्या बॉयलरच्या मागे लागले, ती म्हणाली, तो जाडा नवीन घ्या म्हणत होता, मी त्याला स्क्रू काढायला लावला, तुझ्यासाठी, आणि तू येऊन पहिलं काम काय केलंस तर तो बंद केलास.

“मला वाटलं होतं, तो चालूच होणार नाही,” नेकुलाय म्हणाला.

“वाटलं होतं, की होऊ नये असं वाटत होतं?”

त्याने उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि त्याला खोकला आला. खोकला की हसू, ते आधी तिला कळेना. तो वाकला, खुर्चीची पाठ धरली, डोळ्यांत पाणी, आणि हात हलवून तिला सांगत राहिला की थांब, पाठ चोळू नकोस. तिने चोळली नाही. “इतक्या वर्षांनी,” तो दम घेत म्हणाला, “इतक्या वर्षांनी तू मला अंघोळ घालणार, चमच्याने भरवणार... मी म्हटलं, देवा, तो बॉयलर तेवढा फुटू दे.”

“मी का भरवू तुला? हात मोडलेत तुझे?”

“मोडलेले नाहीत.”

“मग?”

तिला रडू येईल असं वाटलं होतं, पण आलं ते हसू, आणि तेही नाकातून, कुरूप, घोड्यासारखं. तो तिच्याकडे बघत राहिला आणि मग त्याचंही तोंड वाकडं झालं. तिच्या अंगातून काहीतरी सुटून गेलं; कुठून ते तिला सांगता आलं नसतं. ती बाजेच्या कडेवर बसली. स्वयंपाकघरात बोर्श उतू जाऊन शेगडीवर चुरचुरत होता. दोघांनाही ते ऐकू येत होतं आणि कुणी उठत नव्हतं.

जेवताना त्यांनी तह केला. झोपायच्या खोलीतला रेडिएटर त्याचा: तो बंद, आणि खिडकी बोटभर उघडी, अंगावर दोन पांघरुणं. बैठक तिची: तिथे ती हवं तेवढं तापवील, आणि बाजेवर झोपेल, निदान त्याचा खोकला कमी होईपर्यंत. बोर्श आंबट आहे, तो म्हणाला, इटलीत विसरलीस तू. ती म्हणाली, मग उद्या तूच कर, दिवसभर काय करणार आहेस. त्याने दुसरा वाडगा घेतला. बाहेर अंधार पडू लागला होता, समोरच्या ब्लॉकच्या खिडक्या एकेक करून पिवळ्या होत होत्या. त्याने भिंतीला धरत धरत झोपायच्या खोलीपर्यंत जाऊन पाहिलं, पलंगावर बसला, उठला, पुन्हा बसला. तिने बाजेवर चादर घातली. तिच्या खोलीतल्या रेडिएटरमध्ये पाणी खळखळत होतं.

“दार लोटून घे गं,” आतून त्याचा आवाज आला. “तुझा उकाडा इकडे येतोय.”

ती दारापर्यंत गेली. त्याच्या खोलीतली थंड हवा घोट्यांना लागत होती आणि पाठीला मागची ऊब. तिने दार अर्ध्यावर आणलं आणि तिथेच सोडलं. तो पुन्हा ओरडला तेव्हा ती भांडी घासत होती, आणि तिने ऐकू न आल्यासारखं केलं.